डब्यातला उन्हाळा

आम्ही जुन्या नर्सा कुणाच्या तरी घरी जमलो की चहाचे कप खाली ठेवायच्या आत एकीला तरी आठवतंच. "कुमुद, तुझा तो डबा सांग ना!" आता डब्याचं काय काय सांगू? किस्से म्हणजे फडताळातल्या रिकाम्या बरण्या. एकही मुद्दाम ठेवलेली नसते, पण दार उघडलं की सगळ्या एकदम अंगावर येतात. त्यातून ज्यांच्याबरोबर आपण घामानं निथळलोय, त्यांचे किस्से तर विसरू म्हटलं तरी विसरत नाहीत.

तर डबा म्हणजे आमचा फिरता दवाखाना. पत्र्याची एक खोली, खाली दोन चाकं, पुढे जीपला अडकवायचा दांडा. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढली, ती आमच्या आरोग्य खात्यानं घेतली आणि मुळशीत, पौडच्या पुढे माले गावाच्या माळावर आणून उभी केली. फिरता दवाखाना म्हणायचा, पण फिरायचा फारसा नाहीच. नवे पैसे येऊन थोडेच दिवस झाले होते आणि गाव अजून आण्यातच बोलत होतं, तेव्हाची ही गोष्ट.

डब्याच्या अर्ध्या भागात दवाखाना, मध्ये पडदा आणि पडद्यामागे डॉक्टर केळकरांचा संसार. संसार म्हणजे एक बाक, एक स्टोव्ह आणि लग्नातला फोटो. बायको पुण्यात, माहेरी! बाबू ड्रायव्हर जीपमध्ये झोपायचा. मी कोंडाबाईच्या ओसरीलगतच्या खोलीत. कोंडाबाई म्हणजे दवाखान्याची आया, मालेचीच सून. आवाज असा की डब्यात बोलली तर गावात कुत्री उठायची.

थंडीत डबा काय गोड वाटला म्हणून सांगू! एप्रिल लागला आणि त्यानं आपले खरे गुण दाखवले.

*

पहिला झटका बसला तो थर्मामीटरचा.

एक दिवस सकाळपासून जो येईल त्याला ताप. म्हातारीला ताप, पोराला ताप, काटा मोडलेल्या गड्याला ताप. साधासुधा नव्हे, एकशे सहा! डॉक्टर घाबरले. तरुण माणूस, नुकता पास झालेला. "सिस्टर, साथ आलीये! जीप काढा, पौडला कळवा!"

तेवढ्यात गावचे पाटील आले. त्यांना काही झालं नव्हतं, ते आपले गप्पा मारायला आले होते. डॉक्टरांनी त्यांच्याही तोंडात थर्मामीटर खुपसला. एकशे सहा! पाटलांना झोपवलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पाटील पट्टीखालून बिचारे विचारतायत, "डाक्तर, मला नक्की काय झालंय?"

"बोलू नका. तुम्ही फार आजारी आहात."

"आरं द्येवा! घरनं निघालो तवा तर चांगला व्हतो की!"

मला काय शंका आली कोण जाणे. मी दुसरा थर्मामीटर ड्रॉवरमधून काढला आणि कुणाच्याही तोंडात न घालता बघितला. एकशे सहा. ड्रॉवरलाच ताप होता! पत्रा इतका तापलेला की पारा वर जाऊन बसलेला, झटकून झटकून हात दुखला तरी खाली उतरेना.

तेव्हापासून थर्मामीटर एका पेल्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायला लागलो. डॉक्टरांनी कोंडाबाईला शिकवून ठेवलं, "पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर असला की माणूस ठणठणीत." कोंडाबाईला तो आकडा इतका आवडला की कुणी "कशी हायेस?" विचारलं की ती सांगायची, "अठ्ठ्यान्नव पाइन चार!"

पाटील मात्र संध्याकाळपर्यंत उठायला तयार नव्हते. म्हणाले, तुमचं यंत्र चुकलं असंल, पन मला आता खरंच बरं वाटंना.

*

मग एका रविवारी डॉक्टर पुण्याला सासुरवाडीला गेले आणि तोंड पाडून परत आले.

सासरे तात्यासाहेब, निवृत्त मामलेदार. जन्मभर लोकांचे खोटे जबाब पकडलेले. त्यांनी जावयाला समोर बसवून सुनावलं, "माझी मुलगी पत्र्याच्या पेटीत राहणार नाही. मेअखेर मी स्वतः येईन, भर दुपारी येईन आणि माझा थर्मामीटर घेऊन येईन. पारा शंभराच्या आत असला तर सुमती तुमच्याकडे राहील. नसला तर तुम्ही राजीनामा देऊन पुण्याला यायचं. लक्ष्मी रोडला दवाखान्याची जागा बघून ठेवलीय. पंखा आहे."

"आणि वहिनी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ती कुठे बोलते तात्यांसमोर!" डॉक्टर म्हणाले. "आणि सिस्टर, मी गेलो की हा डबाही जाणार. डॉक्टर नसेल तर डबा परत पाठवा, असं खात्यानं आधीच सांगून ठेवलंय."

कोंडाबाई फडकं पिळत उभी होती. ती एकदम म्हणाली, "मंग पयल्यासारकं झोळीत घालून पौडाला न्ह्यायचं का मान्सं? माझी नणंद तशीच नेली व्हती. पौड लांबच ऱ्हायलं." एवढं बोलून ती गप्प झाली. कोंडाबाई गप्प झालेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. मला खरंच भीती वाटली.

मग तिनं पदर खोचला. "डबा थंड कराया पायजे. बास!"

*

थंड करायचा म्हणजे कसा? कोंडाबाईच्या डोक्यात उत्तर तयार होतं. घर थंड कशानं राहतं? शेणानं! दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका पाट्या घेऊन हजर. छपरावर शेण, भिंतींना शेण, दांड्यालाही थोडं शेण. डॉक्टर "अहो, सरकारी मालमत्ता!" म्हणत भोवती फिरत होते, पण त्यांचं कोण ऐकतंय!

आणि खोटं कशाला बोलू, फरक पडला. आत बसता येऊ लागलं. डॉक्टरांनी शिटी वाजवलेली मी पहिल्यांदा ऐकली.

चारपाच दिवसांनी पौडला जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. डबा दाखवायला आणा म्हणून निरोप आला. बाबूनं घाईघाईनं डबा जीपला जोडला. वाटेत लोक थांबून थांबून बघतायत, हसतायत. आम्हाला वाटलं, कौतुकानं बघतात.

पौडला साहेबांनी डब्याभोवती एक फेरी मारली. मग मान वर केली आणि तशीच ठेवली.

छपरावर गोवऱ्या! एका रांगेत, बोटांच्या ठशांसकट. बायकांच्या लक्षात आलेलं होतं की घराच्या भिंतीला गोवरी वाळायला दिवस लागतात आणि डब्यावर दुपारपर्यंत खडखडीत होते. सगळ्या गावानं गोवऱ्या आमच्या डोक्यावर आणून थापल्या होत्या आणि आम्हाला पत्ता नाही!

साहेब म्हणाले, "केळकर, औषधांच्या जोडीला हा काय धंदा काढलाय?"

डॉक्टर खिशात रुमाल शोधायला लागले. बाबूच पुढे झाला. "साहेब, जळण हाय. इंजेक्शनच्या सुया उकळायला."

साहेबांनी शेरा मारला, "काटकसर चांगली." आम्ही वाटभर हसत परत आलो, पण शेण मात्र खड्ड्यांनी सगळं सांडलं. डबा पुन्हा नागडा.

*

शेणाचं झालं, आता बाबूची पाळी. बाबू पुण्यात एका बंगल्यावर वाळ्याचे पडदे बघून आला होता. मालेत वाळा कुठला? त्यानं गोणपाटं आणली, डब्याच्या चारी बाजूंनी टांगली आणि बादल्यांनी भिजवली. वारा त्यातून आत यायचा तो असा गार, की पेशंट औषध घेऊन झालं तरी उठायचे नाहीत.

पण गारव्याची बातमी नुसती माणसांनाच लागते असं थोडंच आहे? ती म्हशींनाही लागली.

आधी एक आली. तिनं ओल्या गोणपाटाला पाठ लावली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. पुढे पुढे तर सगळ्या गावच्या म्हशी मुळशी धरणाच्या पाण्याकडे जायच्या सोडून आमच्याकडे! नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्या पाठ घासायच्या. चाकांना दगड लावलेले, तरी डबा असा डुलायचा की मला मळमळायचं.

त्यातच पाटलांची दाढ दुखायला लागली. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, मी डोकं धरलं. डॉक्टरांनी चिमट्यात दाढ पकडली मात्र, बाहेरून कुणा जाडजूड म्हशीनं सगळा भार टाकला! डॉक्टर मागे औषधांच्या कपाटावर, मी पाटलांवर, पाटील जमिनीवर. आणि डॉक्टरांच्या हातात चिमटा, चिमट्यात दाढ!

पाटील गालावर हात ठेवून बसले. जीभ फिरवून बघितली. "आयला! दुखलं बी न्हाई!"

त्यानंतर मालेत दात दुखला की लोक दाराशी येऊन आधी विचारायचे, "म्हस आलीया का?"

*

मध्येच कोंडाबाईच्या वडिलांचं सांगते.

म्हातारा पौडकडच्या कासार आंबोली गावचा. लेकीला भेटायला उन्हातान्हात चालत यायचा, पण लेकीच्या घरात पाणी प्यायचा नाही. "ल्येक दिली त्या घरचं पानी प्यायचं न्हाई, आमच्यात तसंच हाय." कोंडाबाई हात जोडायची, रागवायची, रडायची. म्हातारा हूं की चूं करायचा नाही. ओसरीवर टेकायचा, लेकीची खुशाली विचारायचा आणि घसा कोरडा पडला की उठून तडक आमच्या डब्याकडे यायचा.

डॉक्टर त्याला हाताला धरून बसवायचे. "आमच्याकडेही पाळतात हे, आजोबा," म्हणायचे आणि माठातलं पाणी द्यायचे. म्हातारा तांब्या वर धरून घटाघटा प्यायचा.

आता त्या माठात पाणी कुठून यायचं? कोंडाबाईच्या घरून! रोज सकाळी ती स्वतःच्या आडाचं पाणी शेंदून डोक्यावरून आणून आमचा माठ भरायची. मला ठाऊक, बाबूला ठाऊक, सगळ्या गावाला ठाऊक. एकदा डॉक्टर भोळेपणानं सांगायला गेले, "आजोबा, हे पाणी तर..." कोंडाबाईनं असे डोळे वटारले की ते पुढचं वाक्य गिळून खोकायला लागले.

म्हातारा मिशा पुसून म्हणाला, "सरकारचं पानी लई ग्वाड! ल्येकीच्या घरचं असं न्हाई लागायचं."

*

मे सरत आला. आड खाली गेला, धरणाचं पाणी लांब सरकलं, गोणपाटं भिजवायला पाणी पुरेना. मग पाटलांनीच सुचवलं, मांडव घाला. गड्यांनी डब्याभोवती मेढी पुरल्या, वर जांभळीचे टहाळे टाकले. हिरवीगार सावली! कोंडाबाई म्हणाली, मांडव घातला तर तोरण पायजे. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. बाबूला चेव आला, त्यानं दाराला केळीचे दोन खुंट लावले.

त्या दिवशी डॉक्टर मात्र चिंतेत होते. बाबूनं पुण्याहून बर्फाच्या थर्मासमधून देवीची लस आणली होती. बर्फ वितळत चाललेला, आणि देवी टोचायच्या म्हटलं की गाव रानात पळालेलं! एक माणूस फिरकेना. "वाया जाणार, सिस्टर, सगळी वाया जाणार," ते सारखं म्हणत होते.

तेवढ्यात सनई ऐकू आली. हलगी ऐकू आली. बघते तर कासार आंबोलीकडून बैलगाड्या! वऱ्हाड! लग्न होतं पलीकडच्या वाडीत, पण यांना माळावर मांडव दिसला, तोरण दिसलं, केळीचे खुंट दिसले, गाड्या वळल्या आमच्याकडे. मंडळी उतरली, पाय धुतले आणि मांडवात रांगेनं मांडी घालून बसली. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, पोरं पुढे.

डॉक्टरांनी दारातून ते बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही बघितला नव्हता.

"सिस्टर, स्पिरिट! बाबू, दोन्ही वाटा अडव!"

एक पोक्त बाई म्हणाली, "अगं बया, हितं पानं मांडायच्या आधी हात कशापायी पुसत्यात?" तिला उत्तर मिळेपर्यंत तिचं टोचून झालं होतं. रांगेतली माणसं रांगेतून उठत नाहीत हो! पंगत मोडायची कशी? शेजारच्याचं झालं की आपण दंड पुढे करायचा, एवढंच त्यांना कळलं. सनईवाल्यानं एका हातानं सनई धरून दुसरा पुढे केला.

शेवटी एक म्हातारा बाह्या खाली करत म्हणाला, "रीत नवीन हाय तुमच्याकडं. पन नवरदेव कुटं हाय?"

बाबूनं वाडीचा रस्ता दाखवला. कोंडाबाई मागून ओरडली, "नवरदेवाला बी धाडून द्या! त्योच तेवढा ऱ्हायलाय!"

*

आणि मग तात्यासाहेब आले.

ठरल्याप्रमाणे भर दुपारी. बाबू त्यांना पौडहून जीपमधून घेऊन आला. पुढे तात्यासाहेब, अंगात बंद गळ्याचा कोट, मांडीवर लाकडी पट्टीला ठोकलेला थर्मामीटर. मागे सुमतीवहिनी, डोक्यावर पदर, नजर खाली.

त्या दिवशी आमच्या नशिबानं एकूण एक गोष्टीनं दगा दिला. आडात जेमतेम पिण्यापुरतं पाणी, त्यामुळे गोणपाटं कोरडी ठणठणीत. मांडवाचे टहाळे वाळून खाली गळलेले, उन्हाच्या तिरिपी थेट छपरावर. वारा तर नावालाही नाही. डॉक्टरांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी म्हणे सकाळीच पुस्तकं ट्रंकेत भरून ठेवली होती.

तात्यासाहेब जीपमधून उतरले ते घामाच्या धारा पुसतच. बाबूनं तांब्या पुढे केला, तो त्यांनी रिकामा केला. "आणखी आण," म्हणाले. दुसराही रिकामा केला. मग थर्मामीटर उचलून डब्याच्या पायरीकडे निघाले.

कोंडाबाई दारात आडवी उभी. "बापय मान्सं आत न्हाई यायची. बायांची तपासणी चाललीया."

ते खरंच होतं. आत पोटुशा बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. तात्यासाहेब कायद्याचा माणूस, एक पाऊल मागे आले. थर्मामीटर मुलीच्या हातात दिला. "सुमती, तू जा. आत टांग. पारा चढायचा थांबला की मला आकडा सांग. नीट बघून सांग."

वहिनी आत आल्या. मी थर्मामीटर खिळ्याला अडकवला. बसायला जागा नव्हती, तर बायकांनी सरकून त्यांना मध्ये घेतलं आणि कुणी न सांगता आपापल्या पदरानं वारा घालायला लागल्या. वहिनींच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत ओघळत होता. त्यांनी पडदा जरासा बाजूला केला. बाक, स्टोव्ह, फोटो, बांधलेली ट्रंक. बराच वेळ बघत राहिल्या.

कोंडाबाईला कुजबुजता येत नाही, पण तिनं प्रयत्न केला. "व्हैनी, तुमी गेलाव तर त्ये जात्याल. त्ये गेलं तर ह्या समद्या झोळीत जात्याल. मला बाकी काय बी बोलता येत न्हाई."

वहिनींनी पडदा हळूच परत ओढून घेतला.

बाहेरून आवाज आला, "सुमती! किती?"

त्या थर्मामीटरजवळ गेल्या. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते, पारा मलाही स्वच्छ दिसत होता. एकशे आठ. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, दारात गेल्या आणि मान वर करून वडिलांना खणखणीत आवाजात सांगितलं, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार!"

बाहेर पायरीशी उभे असलेले डॉक्टर एकदम स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. माझ्या मागे कोंडाबाईनं तोंडात पदर कोंबला.

तात्यासाहेब मुलीकडे बघत राहिले. तिच्या ओल्याचिंब पदराकडे, लाल झालेल्या तोंडाकडे, मग छपराकडे. छपरावरची हवा उन्हानं थरथरत होती. वहिनींनी नजर खाली केली नाही. तात्यासाहेबांनी कोटाचं वरचं बटण काढलं, रुमालानं मान पुसली, तो रुमाल पिळला.

बाबूला त्यांची दया आली. त्यानं माठातून तिसरा तांब्या भरून आणला. "घ्या साहेब. ऊन लई हाय."

तात्यासाहेबांनी हात पुढे केला. तांब्याला बोटं लागली. आणि त्यांनी हात मागे घेतला.

"नको," ते म्हणाले. "मुलीच्या घरचं पाणी पीत नाही मी."